शीट तीन आणि शीट चारच्या मधली झाडं

सर,

तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली की सव्वीस, हे मला नक्की सांगता येणार नाही. 'अंदाजे' हा शब्द तुम्हाला चालायचा नाही, म्हणून आधीच माफी मागते. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते, कॉलेजात शिकवते. परवा ती वही घेऊन वर आली. इथल्या चार-पाच सोसायट्या मिळून एक छोटं पुस्तक काढणार आहेत आणि त्यात डोंगराच्या पायथ्याच्या उद्यानावर तिला लिहायचं आहे. "काकू, तुम्ही त्याच ऑफिसात होतात ना? मग सांगा, हे उद्यान पहिल्यांदा प्लॅन कुणी केलं?" मी तिला चहा दिला, कुंपण कधी झालं, नाल्यावरचा पूल कधी झाला, असं काहीबाही सांगितलं. तिने ते लिहून घेतलं आणि खूश होऊन गेली. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही. प्लॅन आमच्या ऑफिसच्या प्लॅनिंगच्या साहेबांनी केला, त्यावर सही त्यांची आहे. तुम्ही त्यात एकही पायवाट काढली नाहीत, एकही बाक ठेवला नाहीत. तरीसुद्धा सकाळी तिथे जे कुणी चालायला येतं ते तुम्ही आखून दिलेल्या वाटेनेच चालतं, असं मला वाटतं. हे त्या मुलीला कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून तुम्हालाच सांगायला बसले.

मी ड्रॉइंग सेक्शनमध्ये लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. नव्वद साल नुकतंच उलटलेलं. गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही वाशीला राहायला आलो होतो आणि आईला अजून इथली शांतता सहन होत नव्हती. नवं शहर वसवणारं आमचं ऑफिस बेलापूरला. खिडकीतून पाहिलं तर अर्ध्या प्लॉटवर इमारती आणि अर्ध्यावर कमरेएवढं गवत. आम्ही चार मुली ट्यूबलाइटखाली उंच स्टुलांवर बसून ट्रेसिंग करायचो. कुणीतरी मोजून आणलेली जागा कुणीतरी पेन्सिलीने काढायचं आणि आम्ही ती शाईने गिरवायचो. शेजारच्या खोलीत प्रिंट निघायच्या, त्या अमोनियाचा वास डब्यातल्या पोळीलाही लागायचा. गिरवताना ती जागा कशी असेल असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. रेघ जाड आहे की बारीक, एवढंच मी बघायची.

तुम्ही सर्व्हे सेक्शनमधून आमच्याकडे यायचात. साताऱ्याकडचे, उंच, उन्हाने मान काळी पडलेले. शर्टाच्या खिशात कायम दोन पेन्सिली, एक तासलेली आणि एक तासायची राहिलेली. एक दिवस माझ्या मागे उभं राहून तुम्ही बराच वेळ माझं काम बघत राहिलात आणि म्हणालात, "हा ओढा तू वर चढवलायस." मला कळलंच नाही. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. गिरवताना माझा हात किंचित सरकला होता आणि समपातळीच्या रेघा अशा जुळल्या होत्या की पाणी डोंगराकडे वाहिलं असतं. मी ब्लेडने खरवडायला लागले. तुम्ही आमच्या हेडना म्हणालात, "ह्या पोरीला जागेवर न्यायचीय. बघितली नाही ती जागा काढायची कशी?" हेड म्हणाले, बायकांना उन्हात कुठे नेता. तुम्ही म्हणालात, "ऊन काय माणूस बघून पडतं का?" आणि विषय संपला.

त्या दिवाळीनंतर आपण डोंगराच्या पायथ्याशी जायला लागलो. ऑफिसच्या मोठ्या नकाशावर तो तुकडा हिरव्या तिरप्या रेघांनी भरलेला होता आणि मध्ये एकच शब्द होता, उद्यान. साहेबांनी त्याचं एक कच्चं चित्र आधीच करून ठेवलं होतं. मोठं फाटक, फाटकापासून सरळ रुंद रस्ता, शेवटी गोल कारंजं, दोन्ही बाजूंना हिरवळ. कागदावर ते फार छान दिसायचं. तुम्हाला हुकूम होता तो फक्त उंचसखलपणा मोजायचा. झाडांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. कारण ऑफिसच्या मते तिथे झाडं अशी नव्हतीच, झुडपं होती.

पहिल्या दिवशी मी चपला घालून आले. नाल्याच्या काठी एक अंगठा तुटला, मग काटे रुतले, आणि दुपारपर्यंत मी रडायच्या बेतात होते. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कॅनव्हासचे बूट होते, अगदी मापाचे. कसं कळलं म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणालात, "धुळीत ठसा होता की. पट्टीने मोजला." साखळी धरणारे मामा नंतर मला गुपित सांगितल्यासारखं म्हणाले, सरांनी आजवर कुणाला काही दिलेलं मी पाहिलं नाही. मी ते बूट दोन वर्षं वापरले.

मला अजून दिसतं, त्या जागेवर आपण उभे आहोत, तुम्ही तिपाईवर मोजणीचा फळा लावलाय, कागद चापून बसवलाय, आणि मामा दूर झेंडीची काठी धरून उभे आहेत. माझ्या हातात फील्ड बुक. तुम्ही म्हणता, "लिही. ऐनाचं झाड. दोन्ही हातांच्या पकडीत मावत नाही." मी विचारते, हे कशात लिहू, ह्याला रकानाच नाही. तुम्ही म्हणता, "मग आख." मी पट्टी घेऊन रकाना आखला. पकडीत मावणार नाही असं प्रत्येक झाड त्यात जाणार, असं तुम्ही तिथल्या तिथे ठरवून टाकलंत. झाडांचा त्यातला शेवटचा आकडा तीनशेच्या वर गेला तेव्हा झुडपं म्हणणाऱ्यांचा मला राग यायला लागला होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती म्हातारी आली. पायथ्याच्या गावातली, नऊवारी घट्ट नेसलेली, डोक्यावर सरपणाची मोळी. मोळी खाली टाकून ती आपल्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "आता परत कशाला मोजताव? जमीन त कवाच नेली ना." आमच्या ऑफिसने नेली होती, वीस एक वर्षांपूर्वी. नाल्याच्या अलीकडचा उताराचा तुकडा तिच्या सासऱ्यांचा होता. तुम्ही फळ्यावरून मान वर केलीत आणि म्हणालात, "झाडं मोजतोय आजी. नावं माहीत असतील तर सांगा." ती उठली आणि समोरच्या पळसाला हात लावून म्हणाली, "हा फनस." मी लिहायला लागले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आजी, मी पण शेतकऱ्याचाच हाय. ह्याला आमच्याकडं पळस म्हणतात." ती जी हसली ती खाली बसूनच हसली. त्यानंतर मात्र तिने एकही नाव चुकीचं सांगितलं नाही. किंजळ, शिवण, भोकर, बिवला, कुंभा. गिरगावात वाढलेल्या मुलीने ही नावं कधी ऐकली नव्हती. उतारावरचे चार आंबे दाखवताना ती नुसतं नाव सांगून थांबली नाही. कुठला गोड, कुठला लोणच्याचा, कुठला एक वर्षाआड धरतो, सगळं सांगितलं. रकाना आता पुरेना. तुम्ही म्हणालात, समासात लिही.

होळीच्या सुमारास जागेवरचं काम संपलं आणि चार मोठ्या शीटांवर मी ते शाईने काढायला घेतलं. आता मला प्रत्येक ठिपका ओळखीचा होता. आणि तरीही जे व्हायचं ते झालं. तीन नंबरचं शीट संपून चार नंबरचं सुरू होतं तिथे एक पट्टा दोन्हीकडे येतो. त्यातली झाडं एका शीटवर काढायची असतात. तिसरं काढताना मला वाटलं, ही चौथ्यावर येतील. चौथं काढायला घेतलं तो शुक्रवार होता आणि संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. आईने चारला घरी यायला सांगितलं होतं. त्या घाईत मला वाटलं, ही तिसऱ्यावर झालीत. ते स्थळ जमलं नाही, पण ती अकरा झाडं कागदावरून गेली. तुम्ही तेव्हा आठवडाभर गावी होतात, घरात कुणाचं तरी लग्न होतं. तपासणी न होताच प्रिंट निघाल्या आणि वाटल्या गेल्या.

मे महिन्यात आपण गाडीने तिथे गेलो ते फाटकाच्या पातळ्या तपासायला. लांबूनच मला काहीतरी जास्तच उजेड दिसला. उतारावर सपाट लाल जमीन होती आणि कडेला खोडं रचून ठेवलेली. प्लॅनमध्ये ती जागा मोकळी दिसत होती म्हणून पार्किंगसाठी तीच निवडली गेली होती, आणि सपाट करायला आलेल्या मशीनवाल्याने हातातल्या कागदाप्रमाणे काम केलं होतं. चारही आंबे गेले होते. मातीत कैऱ्या चिरडलेल्या होत्या आणि चिकाचा आंबट वास सगळीकडे पसरला होता. तुम्ही प्रिंट मागितलीत, गाडीच्या बॉनेटवर पसरलीत आणि दोन शीटांच्या जोडावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलंत. मला तेव्हाच कळलं. तुम्हीही माझ्याकडे न बघता म्हणालात, "ही मी मोजली होती. तुम्ही काढली नाहीत."

इतक्या महिन्यांत तुम्ही मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. मी म्हटलं, सर, मी लेखी देते, चूक माझी आहे. तुम्ही म्हणालात, "ऑफिसला मी लिहितो. सर्व्हेची चूक एवढं पुरतं त्यांना. पण आजीला कोण सांगणार?" मी हळूच म्हटलं, तुम्ही सांगाल का. तुम्ही प्रिंटची घडी घातलीत, नीट, चारी कोपरे जुळवून. "चूक कागदावर केलीत. झाली जमिनीवर. तिथंच जाऊन सांगा. मी येतो बरोबर, पण बोलणार नाही."

आपण गावात गेलो. तिच्या अंगणात जवळा वाळत घातला होता आणि ती सावलीला बसून कावळे हाकत होती. तिने आपल्याला बघून मान फिरवली. मी उभी राहिले तशीच बोलायला लागले. दोन कागद असतात, त्यांचा जोड असतो, मला वाटलं त्यावर आहेत, मला घरी जायची घाई होती. काय काय बोलले देव जाणे. शेवटी म्हटलं, "तुमचे आंबे माझ्यामुळे गेले." ती काठीने जमीन खरवडत राहिली. मग म्हणाली, "मना वाटला मुद्दाम पारली. आमी नावां सांगितली म्हनून." मी नाही नाही म्हणत राहिले. तिने मला वर बघायला लावलं. "मंजी कागदावर नव्हती म्हनून गेली?" मी हो म्हटलं. "आन कागदावर असती तर?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही आकाशाकडे बघत होतात. मी म्हटलं, असती तर राहिली असती. तसं नक्की झालं असतं का, हे मला माहीत नव्हतं, पण मी म्हटलं. तिने आतून पाण्याचा तांब्या आणला, दोघांना पाणी दिलं आणि पायात वहाणा सरकवल्या. "मग उरलेली कागदावर घे. आज घे," म्हणाली.

त्याच दुपारी आपण पुन्हा सुरुवात केली. आधीचं सगळं बाजूला ठेवून पहिल्या झाडापासून. ती पुढे चुन्याचा डबा घेऊन चालायची, मामा बुंध्यावर आकडा घालायचे, तुम्ही मोजायचात, मी लिहायची. असं सहा दिवस चाललं. ऑफिसातून साहेबांचा निरोप आला की मला लेव्हल हव्यात, जनगणना नको. तुम्ही चिठ्ठी वाचून खिशात ठेवलीत. चौथ्या दिवशी पाणी पिताना तुम्ही मला म्हणालात, "तू डबा आणलायस ना? मग खाऊन घे." त्या 'तू'साठी मी चार दिवस वाट बघत होते. डबा उघडला आणि आधी तुमच्यापुढे धरला.

मग ती बैठक. साहेबांचं मोठं टेबल, त्यावर तुमचा नवा नकाशा आणि त्याच्यावर साहेबांनी ट्रेसिंगवर काढलेलं स्वतःचं चित्र ठेवलेलं. सरळ रस्ता आपल्या ठिपक्यांवरून आरपार जात होता. साहेब वैतागलेले होते. पार्किंगच्या जागेवरून गावात बोलणं सुरू झालं होतं आणि वर काम लांबलं होतं. ते म्हणाले, "तुमचं म्हणणं काय आहे? रस्ता कुठून न्यायचा ते तुम्ही सांगणार का आता?" मला वाटलं तुम्ही आता भाषण कराल. मीच मनात एक तयार केलं होतं. तुम्ही म्हणालात, "नाही साहेब. तो तुमचा विषय. कुठं काय आहे ते मी सांगतो." आणि तुम्ही फील्ड बुक उघडून वाचायला लागलात. फाटकापासून सुरुवात. "इथं चौदा नंबर, ऐन, निरोगी. इथं पंधरा, किंजळ. सोळा, शिवण, एक फांदी मोडलेली." आवाज चढा नाही, उतरता नाही, जसं जागेवर मला सांगायचात तसं. चाळीस-पन्नास झाडं झाली असतील. आधी साहेब घड्याळ बघत होते. मग त्यांनी चष्मा लावला. मग एका उंबराशी ते म्हणाले, "थांबा. ह्याचा घेर केवढा?" तुम्ही सांगितलात. त्यांनी पेन्सिल उचलली आणि त्यांची सरळ रेघ उंबराच्या आधी थोडी वळवली. "हं. वाचा पुढे," म्हणाले. तुम्ही वाचत राहिलात आणि ते वळवत राहिले. जेवणाची सुट्टी झाली तरी कुणी उठलं नाही. संध्याकाळपर्यंत गोल कारंजं कोपऱ्यात सरकून लहान झालं होतं, हिरवळ अर्ध्याहून कमी उरली होती, आणि सरळ रस्त्याची नाल्याच्या बाजूने डोंगरापर्यंत जाणारी एक वाकडीतिकडी वाट झाली होती. साहेबांनी स्वतःच मागे सरून ती पाहिली. "बरी दिसते," म्हणाले. मी पुढे तीस वर्षं बैठका पाहिल्या सर, भांडणं पाहिली, मोर्चे पाहिले. मात्र नुसतं खरं वाचून दाखवून माणसाचं मन वळवलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, थोडंसंच ठाऊक आहे. तुम्ही निवृत्त होऊन गावी गेलात. वाट बांधून व्हायला, पूल व्हायला अजून काही वर्षं लागली. मोकळ्या जागांवर नर्सरीतून रोपं आणून लावली. म्हातारी त्याआधीच गेली. तिची नातसून तिथे रोपांना पाणी घालायला कामाला लागली होती, तिने सांगितलं. उद्घाटनाच्या पाटीवर पुष्कळ नावं आहेत. तुमच्या जाण्याचं कळलं ते तुमच्या मुलाच्या पोस्टकार्डाने. सेक्शनमध्ये कुणीतरी ते मोठ्याने वाचलं, दोन मिनिटं सगळे उभे राहिलो आणि मग आपापल्या टेबलाकडे गेलो. मी त्या दिवशी ट्रेसिंग केलं नाही. नुसती पेनं धुतली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. त्या मुलीलाही ते मी देणार नाही, तिला हवी असलेली माहिती मी वेगळ्या कागदावर साधी लिहून देईन आणि त्यात तुम्ही झाडं कशी मोजलीत ते असेल. कारण इथे आता मला एक गोष्ट लिहायची आहे, ती पुस्तकात यायला नको.

दुसऱ्यांदा नकाशा काढताना, जिथे आंबे पाडले होते त्या लाल सपाट जागेच्या मधोमध मी एक झाड काढलं. नंबर तीनशे बारा, आंबा. दुसऱ्या मोजणीच्या फील्ड बुकमध्ये तो नंबर नाही. तिथे काहीच नव्हतं सर, एक बुंधासुद्धा नव्हता. पार्किंग पुन्हा तिथेच करायचं चाललं होतं आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. तुम्ही त्या वेळी प्रत्येक ठिपका फील्ड बुकशी ताडून लाल पेन्सिलीने खूण करत होतात. तुमच्या हातून शीट परत आलं तेव्हा मी एकेक ठिपका बघितला. सगळ्यांवर बरोबरची खूण होती. तीनशे बारावर खूण नव्हती, फुलीही नव्हती. खाली तुमची सही होती. मधोमध आंबा आहे म्हणून पार्किंग रस्त्यापलीकडे गेलं. दोन वर्षांनी बागेच्या माणसांनी नकाशा घेऊन पाहणी केली, त्यांना तो आंबा सापडेना, कुणीतरी तोडला असेल असं समजून त्यांनी तिथे नवा लावला.

तुम्ही शेवटचे आलात ना, नवी पायवाट बघायला, तेव्हा तो गुडघ्याएवढा होता, बांबूच्या पिंजऱ्यात. तुम्ही थांबलात. त्याच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "पाणी वेळेवर घालतात ना?" एवढंच विचारलंत. मी हो म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि मी आपली पुलाबद्दल काहीतरी बोलत राहिले. तुमच्या हाताखाली मी खरं काढायला शिकले आणि नोकरीभर तेच केलं. तेवढं एक झाड खोटं काढलं. त्याबद्दल मला वाईट वाटायला हवं, असं मी स्वतःला बरेचदा सांगून बघते. वाटत नाही, सर.